मदत हवी आहे: घरी सॅटेलाइट इंटरनेट घ्यायचंय, नेमकं काय काय सामान लागेल?

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे अकोल्याचे, सध्या ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये वॉरनजवळ राहतो. नवरा जिनिंगमध्ये आहे, म्हणजे इथेही कापूसच! घर शेतात, फायबर नाही, मोबाइलची रेंज फाटकापाशी गेलं तरच.

छपरावर घरमालकांची जुनी डिश आहे, भूस्थिर उपग्रहाची, म्हणजे आभाळात कायम एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाची. तो उपग्रह जवळजवळ ३६,००० किमी वर, त्यामुळे बोललेलं पोचून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. आईशी व्हिडिओ कॉल केला की दोघी एकदमच बोलतो आणि दोघी एकदमच थांबतो. तिला आता कमी ऐकू येतं, ती कंटाळून "राहू दे गं" म्हणते आणि फोन ठेवते. शिवाय मी सिडनीतल्या मुलांचा मराठीचा वर्ग ऑनलाइन घेते. कविता एकत्र म्हणणं अशक्य झालंय.

म्हणून स्टारलिंक घ्यायचं ठरवतोय, ते उपग्रह साधारण ५५० किमीवरच आहेत. किटमध्ये अँटेना, स्टँड, राउटर, पॉवर सप्लाय आणि १५ मीटर केबल येते असं कळलं. माझे प्रश्न:

जुन्या डिशचा खांब आणि भिंतीतून आत आलेली केबल वापरता येईल का? छपरापासून माझ्या खोलीपर्यंत २५ मीटर तरी होतील.

वीज वरचेवर जाते. १२ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे, तेवढ्यावर किती वेळ चालेल?

घराच्या दक्षिणेला निलगिरीचं मोठं झाड आहे. जुनी डिश उत्तरेकडे बघते, म्हणून आजवर त्याचा त्रास झाला नाही. आताही होणार नाही ना?

प्रतिसाद

ताई, आधी झाडाचं बघा, बाकी सगळं नंतर. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात, म्हणून तुमची डिश उत्तरेकडे. स्टारलिंकचे उपग्रह मात्र आभाळभर फिरत असतात, आणि दक्षिण गोलार्धात ही अँटेना साधारण दक्षिणेकडे कलती ठेवतात. म्हणजे नेमकी निलगिरीच समोर! फांदीआड उपग्रह गेला की काही क्षण कॉल तुटणार. किट मागवण्याआधी त्यांचं ॲप मोबाइलवर घ्या, कॅमेरा आभाळाकडे धरून फिरवा, अडथळा कुठे येतो ते दिसेल. छपरावर जमलं नाही तर अंगणात झाडापासून लांब खांब रोवा.

जुनी केबल कोअॅक्सियल, म्हणजे टीव्हीच्या डिशला असते तशी, ती चालणार नाही. लांब केबल वेगळी मागवा, मध्ये जोड देऊ नका, कारण त्याच केबलमधून अँटेनाला वीजही जाते. खांब हलत नसेल तर वापरता येईल, त्यासाठी पाइप अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

साध्या किटला ७५ ते १०० वॅट लागतात. बॅटरी निम्मीच वापरलीत तर पाच-सहा तास धरा. मिनी किट याच्या निम्म्याहून कमी वीज खातं.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. आत्ताच ॲप घेऊन बघितलं, छपरावरून अर्धं आभाळ झाडानेच झाकलंय. विहिरीच्या बाजूला मोकळं आहे, पण तिथून घर ४० मीटर. एवढ्या लांब केबल जमिनीखालून कुणी नेली आहे का? पाइप कुठला वापरलात?