शत्रू समुद्रातून उतरणार का? व्याख्यानासाठी काय वाचू?

कोथरूडची_मेधा: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुढच्या महिन्यात तासभर बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतला: समुद्रमार्गे आक्रमण होईल का, याचा अंदाज युद्धकाळात कसा बांधत होते? सुरुवात १९४० च्या इंग्लंडपासून. पण वाचताना शेवट आधीच ठाऊक असतो, हिटलर आलाच नाही, आणि मग त्या माणसांची घालमेल मला पोचत नाही. पुण्यात बसून काय वाचू?

निवृत्त_दर्यावर्दी: मेधाताई, तारखेच्या क्रमाने वाचा आणि पुढचं पान उलटू नका. ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाचे कागद त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. त्यातला सप्टेंबर १९४० काढा. समुद्रापलीकडच्या, जर्मनांच्या ताब्यातल्या ऑस्टेंड, कॅले बंदरांच्या हवाई फोटोंत मालवाहू बार्ज (सपाट तळाच्या नौका) वाढत चाललेले. ८ ते १० तारखेला भरती आणि चांदणं सैन्य उतरवायला सोयीचं. ७ ला संध्याकाळी ‘क्रॉमवेल’ हा सांकेतिक शब्द सुटला. त्याचा अर्थ फक्त ‘सज्ज राहा’, पण शत्रू उतरलाच असं समजून कुठे चर्चच्या घंटा वाजल्या, कुठे पूल उडवले. १७ ला हिटलरने मोहीम बेमुदत पुढे ढकलली, तरी लंडनमधला पहारा सुरूच. बार्ज मोजता येतात, समोरच्याच्या मनातलं कसं मोजणार? अर्धा तास या दहा दिवसांनाच द्या.

पेठेतली_वाचक: आणि एप्रिल १९४२ सोडू नका! ५ ला कोलंबो, ६ ला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बाँब. मद्रासची सरकारी कार्यालयं हलवली, लोकांनी शहर सोडलं. जपानी ताफा मात्र मारा करून परत गेला, भारतात उतरायला तो आलाच नव्हता. संघातल्या आजी-आजोबांना हे जास्त जवळचं वाटेल. केसरीवाड्यातल्या ग्रंथालयात त्या महिन्याच्या अंकांची चौकशी करा. बातम्यांवर तेव्हा सेन्सॉर होता, म्हणून काय छापलेलं नाही तेही बघा.

कोथरूडची_मेधा: मद्रासचं डोक्यातच नव्हतं, घेतेच. ब्लेचली पार्कबद्दल, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्राबद्दल, किती बोलू?

निवृत्त_दर्यावर्दी: पाच मिनिटं. पण पुस्तक उचलताना आधी प्रकाशनवर्ष पाहा. जर्मन संदेश फोडल्याची गोष्ट १९७४ पर्यंत गुप्तच होती, त्यामुळे आधीच्या पुस्तकांत तो धागाच नाही. १९७९ पासून निघालेला ब्रिटिश गुप्तवार्तेचा अधिकृत इतिहास आहे, त्याचा पहिला खंड पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात विचारा. आणि नकाशा न्याच. इंग्रज आधी पूर्व किनाऱ्याकडे डोळे लावून बसले होते, जर्मन आराखडा मात्र दक्षिणेच्या केंट-ससेक्सचा होता.