बी विंगच्या पार्किंगमधला ऑइलचा डाग

*शनिवार*

ए-१०१ (सचिव), सकाळी ७:४०
नमस्कार मंडळी. बी विंगच्या लिफ्टसमोर फरशीवर ऑइलचा डाग पडलाय. काल संध्याकाळी सी-३०२ च्या आजींचा पाय तिथे सरकला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडल्या नाहीत. ज्यांची गाडी असेल त्यांनी आजच लक्ष घालावं.

बी-२०३
सर, माझी स्प्लेंडर आहे. आजींना भेटून आलो, माफी मागितली. महिनाभर एखाद-दुसरा थेंब पडायचा, या आठवड्यात फारच वाढलं. गॅरेजवाल्याने गाडीकडे वरवर बघितलं आणि म्हणाला हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलून दुरुस्ती, साडेचार हजार. पगार झाला की करणार होतो. रोज चाकणला जायला तीच गाडी आहे.

सी-४०२ काका
अरे, साडेचार हजार कोणाला देऊ नकोस अजून. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली मी. ऑइल कुठून येतंय ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय आम्ही इंजिनाला पान्हा लावत नव्हतो.
पहिलं काम डागाचं. सुताराकडून लाकडाचा भुसा आण, जाड थर टाकून तासभर राहू दे, मग झाडून घे आणि साबणाच्या पाण्याने घास. नुसतं पाणी मारू नकोस, ऑइल पसरतं.

सी-४०२ काका
आता सांग. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का? पिकअप पडलाय का? थेंब डावीकडे पडतो की उजवीकडे?

बी-२०३
धूर नाही काका. पिकअप आहे तसाच. डाग डावीकडे, गिअर लिव्हरच्या खाली.

सी-४०२ काका
मग हाफ इंजिन कशासाठी? पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली तर ऑइल आत जळतं आणि धूर दिसतो. तुझं बाहेर पडतंय. या दोन दुखण्यांचं औषध वेगळं आहे.

डी-५०४
काका, माझ्या पल्सरचं इंजिन सगळंच तेलकट दिसतं. काय ओळखायचं त्यातून?

सी-४०२ काका
तसं काहीच ओळखू येत नाही, म्हणून आधी धुवायचं. ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे नेतो. वर टॅपेटच्या झाकणाची ओरिंग, म्हणजे रबरी रिंग, गेली तरी थेंब तळाशी पडतो, आणि माणूस ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट आवळत बसतो. आवळून आवळून बोल्टचे आटे जातात, ॲल्युमिनियमच ते. म्हणजे दुखणं एक होतं, त्याची दोन झाली. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे ओल दिसेल, तिथे शोधायचं.

बी-२०३, तू असं कर. इंजिन गार असताना जुन्या ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून घास. पेट्रोल वापरू नकोस, पार्किंगमध्ये तर नाहीच. फिन्समधली, म्हणजे इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांमधली, माती पूर्ण निघाली पाहिजे. पुसून वाळव. डाव्या बाजूचं चेनजवळचं कव्हर काढून आतला चिखल खरवड. नंतर घरातली टाल्कम पावडर हलकी भुरभुर इंजिनावर. १५-२० किलोमीटर चालवून ये, गाडी मेन स्टँडला लाव, खाली कोरा पुठ्ठा सरकव. पावडर जिथे पहिल्यांदा काळी पडेल तिथला फोटो टाक.

बी-५०१
काका, नुसतं चेनचं ऑइल असलं तर?

सी-४०२ काका
चांगलं विचारलंस ताई. चेनचं ऑइल चिकट असतं, त्याचे शिंतोडे मागच्या चाकाच्या रिमवर उडतात. इंजिन ऑइल पातळ असतं आणि एका जागी ठिबकतं. आणि बी-२०३, मागचा टायर रोज हात फिरवून बघ. तिथे ऑइल लागलं असेल तर पुसल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. वळणावर टायर धरणार नाही.

*रविवार*

बी-२०३, दुपारी १२:१५
काका, कात्रजपर्यंत जाऊन आलो. फोटो बघा. वर हेड, ब्लॉक सगळीकडे पावडर पांढरीच आहे. फक्त गिअर लिव्हरचा दांडा इंजिनात जातो तिथे काळं कडं झालंय आणि त्याच्याखाली ओघळ.

सी-४०२ काका
सापडलं! गिअर शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे त्या दांड्याभोवतीची रबरी रिंग. उन्हातापाने रबर कडक होतं, त्याचा ओठ शाफ्टला धरत नाही. हे बाहेरून बदलता येतं, इंजिन खोलायचं नाही. आता डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बघ. मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद कर, तेवढंच थांब. काडी पुसून नुसती टेकव, आटे फिरवायचे नाहीत.

बी-२०३
वरच्या खुणेच्या बरंच वर आहे. गेल्या महिन्यात मी स्वतः ऑइल बदललं, लिटरची पूर्ण बाटली ओतली होती.

सी-४०२ काका
म्हणून महिनाभरात सुरू झालं बघ. तुझ्या गाडीला ड्रेन केल्यावर लिटरपेक्षा कमी लागतं, मॅन्युअलमध्ये आकडा आहे. जास्त ऑइल आत घुसळलं जातं, फेस होतो, दाब वाढतो, आणि म्हातारं सील तिथे हार मानतं. इंजिनातली हवा बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइपही तपास, दुमडला किंवा मातीने बुजला असेल तर दाब तिथूनही वाढतो. नुसतं सील बदललं असतंस तर नवंही गळलं असतं.

चार वाजता खाली ये, मी हत्यारं घेऊन येतो. जुन्या सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते दाखवून तसंच आण.

बी-२०३, संध्याकाळी ७:०५
झालं काम. सील ७० रुपयांचं. ड्रेनचा वायसरही नवा टाकला. काकांनी शाफ्टच्या दात्यांवर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला आणि ग्रीस लावून सील त्यावरून सरकवलं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. मग त्याच मापाचा सॉकेट टेकवून हलकेच ठोकत सरळ बसवलं.

सी-४०२ काका
पिशवी नसती तर त्या दात्यांनी नव्या सीलचा ओठ पहिल्याच मिनिटाला कापला असता. जुनं सील काढताना पेचकसाने सील बसतं त्या घराला चरा पडू दिला नाही पोराने, हात चांगला आहे त्याचा. काळं ऑइल डब्यात भरलंय, ते गटारात जाणार नाही, गॅरेजवाले घेतात.

डी-५०४
काका, पुढच्या रविवारी माझी पल्सर?

सी-४०२ काका
शनिवारी रात्री धुऊन ठेव. पावडर माझ्याकडून घेऊन जा.

*बुधवार*

बी-२०३, रात्री ९:३०
तीन दिवस चाकण जाऊन-येऊन झालं. पुठ्ठा कोरडा आहे, फोटो टाकलाय. डिपस्टिक दोन खुणांच्या मध्ये. आजींना खाली आणून फरशी दाखवली, त्या हात धरून चालून आल्या.