आधारवर काठमांडू, पण पुढे मुक्तिनाथ?
आईंना घेऊन नेपाळला, काठमांडू आणि मुक्तिनाथला जाताय आणि विमानाला त्यांचं आधार चालेल का, असं विचारलंत. त्या ७२ वर्षांच्या आहेत ना, मग काठमांडूच्या विमानाला त्यांचं आधार कार्ड चालेल. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना ही सवलत आहे. तुम्हाला मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेलच. तरी त्यांचा पासपोर्ट असेल तर तोच न्या. आमच्या वेळी काउंटरवरच्या मुलीला नियमच ठाऊक नव्हता, सासूबाई अर्धा तास ताटकळल्या.

खरी काळजी मुक्तिनाथची, ते देवस्थान फार उंचावर आहे. काठमांडू जेमतेम १४०० मीटर, मुक्तिनाथ ३७०० च्या वर! पोखऱ्याहून मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोम गावाला जाणारं विमान वीसेक मिनिटांचं, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच नाही. जोमसोमला एक रात्र काढाच. शिवाय दुपारी तिथे वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच उडतात. परतीला एक दिवस हाताशी ठेवा.