रोज फ्लेक्स करून डोकं बधिर झालंय, नवीन काय बघावं, काय वाचावं?

बीडचा_कोरलवाला:
नमस्कार मंडळी. बीडमध्ये फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून काम करायलोय. सकाळी पीसी चालू केला की वाढदिवस, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, परत वाढदिवस. मधी एखादी लग्नपत्रिका आली तर सण वाटतो. फोटो कापायचा, मागं सोनेरी उजेड टाकायचा, खाली कार्यकर्त्यांचे गोल गोल फोटो लावायचे, संपलं. आयडिया पाहिजे म्हणून पिंटरेस्ट उघडतो तर जरा स्क्रोल केलं की सगळं एकसारखंच दिसायला लागतं, आणि त्यातलं काही उचलून मराठीत करायला गेलं की विचित्रच दिसतं, कारण ते सगळं इंग्रजी अक्षरं धरून केलेलं. आर्ट कॉलेज केलेलं नाही, कोरल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, दुकानातच शिकलो. रोज थोडं थोडं काहीतरी चांगलं बघायचंय, वाचायचंय. प्रदर्शनं बघायला पुण्या-मुंबईला जाणं होत नाही, खर्च बेताचाच झेपंल. पुस्तकं, जागा, वेबसाइट, काहीही सांगा. इंग्रजी वाचता येतं पण लई वेळ लागतो.

परभणीची_रेषा:
भाऊ, तुम्ही मराठवाड्यात बसून पिंटरेस्टवर नक्षी शोधायलात याचंच नवल वाटलं मला. एकदा अजिंठ्याला जा, पण सहलीसारखं नाही. सगळे लोक एक नंबर लेणीत जाऊन पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी करतात, फोटो काढतात आन् निघतात. तुम्ही तिथंच मान वर करून छत बघा. पूर्ण छत चौकटींत वाटून घेतलंय, आणि एकेका चौकटीत कमळ, हंस, हत्ती, फळं असं काहीबाही बसवलंय. काही चौकटींची जमीन, म्हणजे मागचा रंग, गडद, काहींची फिकट, त्यामुळं एवढी गर्दी असूनही डोळ्याला त्रास होत नाही. आकार चौकटीत कसा बसवलाय ते बघा, कमळाचा देठ कोपऱ्यात वळवून मोकळी जागा भरून काढलीय, कुठंच ओढूनताणून नाही. तुमचे ते कार्यकर्त्यांचे गोल फोटो असतात ना, प्रश्न तोच आहे, खूप गोष्टी एका पाटीवर कशा मांडायच्या. दोन नंबर लेणीचं छतही सोडू नका, तिथं वर्तुळात वर्तुळ असं मोठं मंडल आहे.

रंग तरी किती, गेरूचा लाल, पिवळी माती, काजळीचा काळा, पांढरा, हिरवी माती, आणि निळा तेवढा लाजवर्दचा, म्हणजे अफगाणिस्तानाकडून आलेला दगड. एवढ्यात सगळं भागवलंय. कोरलमध्ये या पाच-सहा रंगांची पॅलेट करून ठेवा आणि एखादी पत्रिका फक्त त्यातच करून बघा. आणि एक, फोटो कमी काढा, छोटी वही घेऊन जा. वाईट आलं तरी चालंल पण हातानं काढा, मोबाईलमध्ये सेव्ह केलेलं परत कोण बघतं?

लातूरचा_प्रिंटर:
ताई सगळं पटलं पण गिऱ्हाईक काय म्हणतं ते बी सांगा की. माझं स्वतःचं दुकान आहे. अजिंठ्याची पॅलेट लावली तर समोरचा म्हणतो फिकं दिसतंय, जरा चमकवा, आन् साहेबांचा फोटो अजून मोठा करा. इन्स्पिरेशन वगैरे ठीक आहे, रात्री आठ वाजता अर्जंट बॅनर आला की त्यातलं काय कामाला येतं?

परभणीची_रेषा:
बॅनरला नका लावू मग, मी पत्रिका म्हणाले होते 🙂

अप्पा_पेंटर:
मी जुना बोर्ड पेंटर, फ्लेक्स आल्यावर काम गेलं पण नजर गेली नाही. लातूरच्या भावाचं खरं आहे की घाईच्या कामात कुणी अजिंठा बघत नाही, पण घाईतच अक्षर कामाला येतं. फ्लेक्सवर नुसतं अक्षर चांगलं असलं तरी निम्मं काम होतं आणि ते गिऱ्हाइकाला खटकत पण नाही. बीडवाल्या पोरा, गावातल्या जुन्या भिंती बघत जा, जिथं अजून बियाण्याच्या, सिमेंटच्या, तंबाखूच्या हातानं रंगवलेल्या जाहिराती शिल्लक आहेत. आम्ही आधी सूत मारायचो, म्हणजे ताणलेल्या दोऱ्यानं सरळ रेघ आखायचो, मग शिरोरेघ, मग उभे दांडे, आणि दांड्यांमधलं अंतर पट्टीनं नाही तर डोळ्यानं धरायचं, कारण र आणि म सारख्याच जागेत ठेवले तर र एकटा पडल्यासारखा दिसतो. वेलांटी डोक्यावर आपटायला लागली की तिला जरा चपटी करायची. शेड, म्हणजे अक्षराची सावली, एकाच बाजूला, उजवीकडं खाली दिली तर सगळीकडं उजवीकडं खाली. हल्ली बॅनरवर एका ओळीला एकीकडं शेड आणि दुसरीला दुसरीकडं बघितली की माझं डोकं उठतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पण बघ, मालकाचं नाव आणि गाव त्या फळीच्या मापात कसं कोंबलेलं असतं, त्यातले काही पेंटर लई हुशार आहेत.

टाइपवेडा_संभाजीनगर:
अप्पा 🙏 हे कुठल्या पुस्तकात मिळणार. अक्षरांचा विषय निघालाच आहे तर कमल शेडगे यांची नाटकांच्या नावांची अक्षरं शोधून बघ, नाटकाचा स्वभाव अक्षरातच दिसायचा. र. कृ. जोशींचं काम बघ, विंडोजमधला मराठीचा मंगल फॉन्ट त्यांचाच. सुलेखनकार अच्युत पालव तर माहीत असतीलच. फुकट फॉन्ट पाहिजे असतील तर गूगल फॉन्ट्सवर ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू आहेत, बलू ठळक आणि गुबगुबीत आहे, वाढदिवसाला मस्त चालतो. फक्त कोरल जुनं असंल तर युनिकोड मराठी तुटतं, म्हणूनच बरीच दुकानं अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर आहेत.

वाचायला म्हणशील तर शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड. जाडजूड आहे, विकत घेऊ नको, जिल्हा ग्रंथालयात विचार. रोज एका चित्रकाराची नोंद वाचायची आणि त्याची चित्रं नेटवर शोधायची, झोपायच्या आधी तेवढं पुरतं. दुसरं म्हणजे जुने दिवाळी अंक. रद्दीवाल्याला सांगून ठेव. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ अंकाची मुखपृष्ठं, वसंत सरवट्यांची रेखाटनं, यात चेहरा किती कमी रेषांत होतो ते कळतं. तालुक्याच्या वाचनालयात माळ्यावर असे गठ्ठे पडलेले असतात, ग्रंथपालाशी दोन शब्द गोड बोलावं लागतं एवढंच.

वेबसाइट म्हणशील तर ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम), दोघांनी पण लाखो चित्रं मोठ्या साइजमध्ये फुकट ठेवलीत. अक्षरांसाठी लेटरफॉर्म आर्काइव्ह हा अक्षरकामाचा ऑनलाइन संग्रह बघ.

तांड्यावरची:
नांदेडकडून लिहायले. कुणीच बंजारा कशिदा सांगितला नाही म्हणून मीच सांगते. माझ्या आजीची कांचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) अजून घरात आहे. आरसे, कवड्या, नाणी, आणि टाक्यांचे त्रिकोण-चौकोन. लाल जमिनीवर पिवळा, निळा, हिरवा, पांढरा एकाच कापडावर आहेत तरी भडक वाटत नाही, कारण प्रत्येक रंगाच्या कडेनं दुसऱ्या रंगाची बारीक ओळ मारलीय. लातूरच्या भाऊंना चमक पाहिजे ना, मग चमक कशी लावायची ते इथून शिका. पण ताईबाईंना विचारून बघा, आणि डिझाइन जसंच्या तसं उचलून विकू नका, ते आमच्याकडं लई झालंय.

लातूरचा_प्रिंटर:
ही कडेच्या ओळीची गोष्ट उद्याच करून बघतो. खरंच.

बीडचा_कोरलवाला:
सगळ्यांचे आभार. अप्पांचं वाचून आत्ताच आमच्या दुकानासमोरची पाटी नीट बघून आलो, शेड बरोबर आहे 😀 पैठणला पावण्यांकडं जाणं होतंच, तिथं पैठणी बघून काही मिळंल का? आणि अजिंठ्याला जायचं तर सोमवारी सुट्टी असती मला.

टाइपवेडा_संभाजीनगर:
पैठणी मागावर विणताना बघ, दुकानात घडी घातलेली नको. पदराची नक्षी सुट्या रंगीत धाग्यांनी एकेक घर भरत जाते, म्हणून मोराची मान आणि वेल जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसती, आणि लांबून गोल. पिक्सेलचं काम कळायला त्याहून चांगलं काही नाही.

परभणीची_रेषा:
सोमवारी नका जाऊ हो, अजिंठा सोमवारी बंद असतो. वेरूळ मंगळवारी. सोमवारीच जमत असंल तर मग वेरूळ करा, नाहीतर बीबी का मकबरा, तिथली संगमरवरी जाळी बघा. आणि अजिंठ्याला स्वतःची गाडी लेण्यांच्या अलीकडं फाट्यावर, टी पॉइंटला लावावी लागते, पुढं एसटीची बस असते. सकाळी लवकर पोचा, शाळांच्या सहली आल्या की छत काय भिंत पण दिसत नाही.