मदत हवी आहे: हृदयाचा आवाज नेमका कशाचा?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा. इथे कोणी डॉक्टर, नर्स असतील तर कृपया वाचा.

माझी मुलगी आठ वर्षांची. गेल्या आठवड्यात ताप होता म्हणून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी छाती तपासली. आडवं करून ऐकलं, उठवून बसवून परत ऐकलं. मग म्हणाले, "थोडा मर्मर आहे. तापात येतो कधीकधी. बरी झाली की इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढू." बाहेर माणसं खोळंबली होती, मला पुढे काही विचारायचं सुचलं नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे.

रात्री ती झोपली की जुन्या कॅलेंडरच्या पानाची सुरळी करून तिच्या छातीला लावतो. लब्-डब्. पहिला जाड, लांबट. दुसरा आखूड, टणक. श्वास आत घेते तेव्हा कधीकधी दुसरा ठोका फुटल्यासारखा वाटतो, ड-डब्. हाच का मर्मर?

शाळेत शिकलो की झडपा मिटतात त्याचा हा आवाज. पण झडप म्हणजे पातळ पापुद्रा, तोही रक्तात बुडालेला. तो मिटला तर एवढं वाजेल कसं? समजावून सांगा. तिलाही सांगायचं आहे, ती रोज विचारते.

प्रतिसाद

दादा, मी फोंड्याला नर्स आहे, बरीच वर्षं हृदयाच्या वॉर्डात काढली.

विहिरीवर पंप आहे का तुमच्या? बंद केला की पाईप धाडकन वाजतो बघा. वर चढलेलं पाणी मागे फिरतं, वॉल्व्ह मिटतो आणि पाणी जागच्या जागी अडतं. तो हादरा पाईपभर जातो. हृदयातही पापुद्र्यावर पापुद्रा आपटल्याचा आवाज नसतो. रक्त एकदम अडतं, झडपा ताणल्या जातात, आणि झडपा, भिंती, रक्त सगळंच थरथरतं. ते आपल्याला ऐकू येतं.

खालचे दोन कप्पे आवळले की रक्त वर परतायला बघतं, तेव्हा मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात. हा लब्. रक्त बाहेर गेलं, कप्पे सैल पडले, की धमन्यांतलं रक्त मागे येऊ लागतं आणि एओर्टिक, पल्मोनरी मिटतात. हा डब्.

दुसरा ठोका फुटतो तो मर्मर नव्हे. श्वास आत घेताना उजव्या बाजूला रक्त जास्त येतं, म्हणून पल्मोनरी झडप किंचित उशिरा मिटते. मुलांमध्ये हे छान ऐकू येतं. आणि तुमच्या सुरळीबद्दल सांगते, 1816 साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची अशीच सुरळी करून छाती ऐकली होती, त्यातूनच स्टेथोस्कोप आला.

मर्मर म्हणजे दोन ठोक्यांच्या मधली सळसळ. खाजनातली मानस आठवा, खाडीकाठच्या शेताच्या बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार. पाणी संथ असलं की आवाज नाही, दार उघडून जोरात सुटलं की खळखळतं. तापात हृदय भराभर चालतं, रक्ताचा जोर वाढतो, म्हणून निरोगी मुलातही सळसळ ऐकू येते. असा निरुपद्रवी मर्मर पुष्कळ मुलांना असतो, आणि बसवल्यावर बहुधा कमी होतो. म्हणूनच डॉक्टरांनी दोन्ही प्रकारे ऐकलं. झडप अरुंद असेल, गळत असेल, कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तरीही मर्मर येतो, म्हणून इको चुकवू नका. खेळताना लगेच दमते, ओठ निळे पडतात, चक्कर येऊन पडते, यातलं काही दिसलं तर इकोच्या तारखेची वाट बघू नका, लगेच घेऊन जा.

धागाकर्ता

ताई, खूप खूप आभार. माझं आजोळ दिवाडीचं, मानशीवर बसून आम्ही मासे धरायचो. आज तिला तसंच सांगितलं, लगेच कळलं तिला. वरचं काही लक्षण नाही, परवापासून सायकलही चालवते. सोमवारी इको आहे. सुई टोचतात का, म्हणून घाबरली आहे.

प्रतिसाद

साध्या इकोत सुई नसते, दादा. छातीला जेल लावतात, ते गार लागतं. आधीच सांगून ठेवा, म्हणजे दचकणार नाही.