‘रंगेहाथ’, ‘तडजोडीअंती’, ‘मंजुरी’: लाचेच्या बातमीतले शब्द

सिडकोकर: आमच्या नाशिकच्या पेपरात एक दिवस ‘पोलिसाला लाच घेताना रंगेहाथ पकडले’, तर दुसऱ्या दिवशी नुसतं ‘लाचेची मागणी, हवालदारावर गुन्हा’. पैसे घेतलेच नाहीत तर गुन्हा कसला? आणि ‘रंगेहाथ’ त्या गुलाबी पाण्यावरून आला का?

गोदाकाठ: नाही, तो हिंदीतून आलाय. जुळून मात्र झकास आलंय! सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फथेलीनची पावडर लावतात. नोटा हातात घेतल्या की पंचांसमोर बोटं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवायची, पाणी गुलाबी. बाटली सीलबंद, त्यावर सह्या. हे पंच बहुधा दुसऱ्या सरकारी कचेरीतले कर्मचारी असतात.

कोर्टाची पायरी: पण नुसत्या गुलाबी बोटांवर शिक्षा होत नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते. नाहीतर आरोपी म्हणणार, ‘उसने दिलेले परत घेतले’. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८च्या कलम ७ मध्ये लाच मिळवण्याचा प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षं. म्हणून लाचलुचपतवाले आधी ‘पडताळणी’ करतात: तक्रारदाराकडे रेकॉर्डर, सोबत पंच. त्यात ‘साहेबांचं काय ते बघा’ एवढंच आलं तर पुढे वकील कीस पाडतो. आकडा आला की काम सोपं.

सिडकोकर: आणि तक्रारदार फितूर झाला तर?

कोर्टाची पायरी: खटला आपोआप पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये सांगितलंय, इतर साक्षीपुराव्यावरून, परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते. खरी रखडपट्टी ‘मंजुरी’त. आरोपीला नोकरीतून काढण्याचा अधिकार ज्याला, त्याची कलम १९ खाली परवानगी आल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही. मुदत ३ महिने, फार तर आणखी १. बातमीत ‘मंजुरी’ वाचून लोकांना वाटतं जामीनच मंजूर झाला! ‘अभियोग मंजुरी’ असं पूर्ण लिहायला काय जातं?

गोदाकाठ: माझा लाडका शब्द राहिलाच, ‘तडजोडीअंती’. ‘वीस हजारांची मागणी, तडजोडीअंती बारा हजार.’ भाजीबाजारात आपण घासाघीस म्हणतो, लाचेला मात्र तडजोड.

कोर्टाची पायरी: हसू नका, ती घासाघीस रेकॉर्डवर आली की मागणीचा पुरावा तीच.

सिडकोकर: म्हणजे भाव कमी केला तरी फसला. समजलं.