"८५ डोळे झाकून घे" म्हणणाऱ्यांनो, जरा डोळे उघडा

आडवी चौकट
परवा एका पोराने विचारलं होतं: बहिणीचे पोर्ट्रेट आणि कॉलेजच्या हॉलमधल्या मॅचेस, दोन्हींसाठी एकच फास्ट प्राइम, म्हणजे झूम न होणारी आणि भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, घ्यायची तर कोणती? त्यावर बोकेभक्त (बोके म्हणजे फोटोतली धूसर पार्श्वभूमी) यांचं एका ओळीचं उत्तर: "८५ एफ/१.८. डोळे झाकून घे, विषय संपला." खाली बावीस अंगठे. (८५ म्हणजे लेन्सची फोकल लांबी मिलिमीटरमध्ये, आकडा मोठा तितकं दृश्य जवळ; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) तेव्हा गप्प बसलो, पण दोन रात्री डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हा वेगळा धागा.

विषय संपला कसा? खेळ कोणता, विचारलं नाही. उभं कुठे राहू देणार, विचारलं नाही. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कोणती, तेही नाही. अहो, डॉक्टरसुद्धा गोळी लिहायच्या आधी जीभ बघतो.

माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी असंच कुणाचं तरी ऐकून ८५ घेतली आणि क्रॉप बॉडीला (लहान सेन्सरचा कॅमेरा, त्यात दृश्य आणखी कापलं जातं) लावून कबड्डीला गेलो. शेवटच्या रेषेमागे दोन मीटरवर मांडी घातली. चढाईपटू मध्यरेषेवर होता तोवर सगळं झकास. तो बोनसला पाय टाकायला आत आला, म्हणजे माझ्यापासून पावणेचार मीटरवर, आणि कॅमेरा उभा धरूनही चौकटीत जेमतेम मीटरभर माणूस मावेना. घरी येऊन बघतो तर चारशे फोटोंत कोपरं, जर्सीचे अर्धे नंबर आणि एक कान. कान मात्र असा शार्प की त्यावरचे केस मोजून घ्या. ज्या पकडीवर मॅच फिरली तिचा माझ्याकडे फक्त गुडघा आहे.

त्याच जागेवरून ५० ने पावणेदोन मीटर मावतं. शिवाय ती ८५ च्या निम्म्याहून कमी पैशात येते. आता बोला.

बोकेभक्त
नाव घेतलंच आहे तर बोलतो. तुम्ही बसलात चुकीच्या जागी आणि शिक्षा लेन्सला?

बॅडमिंटन घ्या. कोर्ट १३.४ मीटर लांब. बेसलाइनच्या मागे कोपऱ्यात दोन मीटरवर बसलात तर समोरच्या बाजूचा खेळाडू, ज्याचा चेहरा तुम्हाला दिसतो तो, साधारण बारा मीटरवर असतो. क्रॉपवर ८५ उभी धरली की तिथे सव्वातीन मीटर उंची मिळते. उडी, रॅकेट, शटल, सगळं आत, आणि वर थोडी हवा. ५० लावलीत तर साडेपाच मीटरच्या वर. खेळाडू दिसणार मुंगीएवढा, मग बसा कापत, आणि कापल्यावर जे उरेल त्यात नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, बघत.

आणि पोर्ट्रेट विसरलात का? त्या पोराने पहिला शब्द पोर्ट्रेट लिहिला होता. ५० ने चेहरा भरायला जा, नाक पुढे येतं. बहीण आयुष्यभर बोलणार नाही.

आडवी चौकट
नाक लेन्सने पुढे येत नाही, अंतराने येतं. दोन मीटरवरून कुठल्याही लेन्सने काढा, नाक तेवढंच.

बोकेभक्त
हो, आणि ५० ने चेहरा भरायचा तर तुम्ही दोन मीटरवर थांबणार आहात का? पुढे सरकणारच. म्हणजे फिरून नाक पुढे. तुमचं भौतिकशास्त्र बरोबर, फोटो चूक.

आडवी चौकट
बरं, नुसता चेहरा भरायचा असेल तर ८५ बरी. दिलं. कमरेपर्यंतच्या फोटोला ५० ला काही होत नाही, आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ८५ घेऊन मागे सरकलात की पाठीला कपाट लागतं. माझी बायको अजून विचारते, लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोत माझे हात कुठे गेले.

दोन किलोचा खांदा
प्राइमवाल्यांचं भांडण मजेत वाचतोय. एक माणूस सव्वातीन मीटर मोजतोय, दुसरा कपाट. ७०-२०० एफ/२.८ ची झूम घ्या, पुढे-मागे फिरवा, घरी जा. एका वर्तमानपत्रासाठी अकरा वर्षं हॉलमध्ये काम केलंय, एकही संपादक "बोके छान आहे" म्हणाला नाही. "बॉल कुठाय" एवढंच विचारायचे.

बोकेभक्त
पोराकडे नोकरी लागायच्या आधीचे पैसे आहेत, दादा. ते २.८ चं धूड दीड किलोचं आणि किमतीत सेकंडहँड स्कूटर येईल. उजेडाचं बोलायचं तर १.८ मधून २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. आमच्या हॉलमध्ये १/५०० सेकंदाच्या शटरला तुम्ही आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की नॉइज) ६४०० वर असता तेव्हा मी २५०० वर असतो. आणि "पण माझ्यात स्टॅबिलायझर आहे" म्हणू नका. तो तुमचा हात थांबवतो, खेळाडूला नाही.

दोन किलोचा खांदा
म्हणणारच नव्हतो. पण १.८ ला तुमचा फोकस किती लागतो ते सांगा ना खरं. क्रॉपवर ८५, तीन मीटर, एफ/१.८: शार्प पट्टा नऊ सेंटीमीटरचा. डोळा धरलात तर कान गेला.

आडवी चौकट
माझ्या बाबतीत डोळा गेला आणि कान राहिला, वर सांगितलंच.

बोकेभक्त
तीन मीटरवर मॅच कोण काढतं? बारा मीटरवर तोच पट्टा दीड मीटरच्या आसपास जातो. आणि हो, दहातले चार हुकतात. मान्य. तुमचे सहा तरी हलतात.

फेज न्यूट्रल
मी वायरमन. फोटो हौस म्हणून. लेन्सवरून मारामारी करताय, पण हॉलचे दिवे कुणी बघितले का?

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. जुनी चोकवाली ट्यूब असो, मेटल हॅलाइड असो की हलक्या ड्रायव्हरची एलईडी, दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला कळत नाही. १/१०० ला एक पूर्ण हेलकावा आत येतो, सगळे फोटो सारखे. १/१००० ला त्याचा दहावा तुकडाच मिळतो. कधी शिखरावरचा, कधी दरीतला. म्हणून एकाच बर्स्टमधले (बटण दाबून धरून सलग काढलेले) तीन फोटो पांढरे, दोन पिवळट आणि एक अंधारा. लोक म्हणतात लेन्स खराब. अरे, दिव्याला दोष द्या.

पूर्वी आम्ही मोठ्या हॉलमध्ये शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकायचो. एक मंदावला की दुसरा चढलेला, कोर्टावर उजेड सपाट. आता कंत्राटदार एका ओळीतले सगळे एकाच फेजवर ओढतो, वायर वाचते. १.८ घ्या की १.२ घ्या, ह्याला लेन्समध्ये औषध नाही. बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करा, शटर शिखराची वाट बघून उघडतं. नसेल तर बर्स्ट मारा आणि उजळलेला निवडा. आणि मिररलेसवाल्यांनी सायलेंट शटर, जे चित्र ओळीओळीने वाचतं, ते मारून फोटोत पट्टे आले म्हणून इथे रडू नये.

लाल माती
फेजवाले लाखातलं बोललात. पण मुळात कबड्डी हॉलमध्ये नेलीच कशाला? लालबाग-परळच्या मैदानात दुपारी चारला मॅच असायची. तिरपं ऊन, पकड झाली की धूळ उडायची, त्या धुळीत सात जणांचा ढीग. एफ/८ ला काढलेत मी फोटो, रोलवर! फास्ट प्राइमची भानगडच नव्हती. आता ती मॅट, बूट, वरून रंगीत दिवे. टीव्हीवर २०१४ ला लीग आली आणि मातीवर माती पडली.

दोन किलोचा खांदा
काका, चारच्या उन्हाचं ठीक. रात्रीच्या मॅचेस विसरलात? बांबूवर चार हॅलोजन. मध्यरेषेवर उजेड, कोपऱ्यात अमावस्या. आणि खेळाडूंना विचारा, मातीवर गुडघ्याची काय सालपटं निघायची.

लाल माती
मला नका सांगू. मी खेळलोय. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर अजून खुणा आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. मॅटवर बूट घट्ट धरतो आणि अंग पुढे जातं, घोटा जातो. माझ्या पुतण्याचा गेला. मातीवर पाय सरकायचा, वाचायचा.

बोकेभक्त
एका पुतण्यावरून नियम? मातीत पाऊस पडला की मॅच रद्द. मॅटवर वर्षभर सराव होतो. पोरांना त्यातून नोकऱ्या लागल्या, पैसे मिळायला लागले. तुम्हाला धुळीचा फोटो हवा म्हणून त्यांनी धूळ खायची का?

लाल माती
तोंड सांभाळून. तुम्ही कधी एक तरी चढाई केलीय का? तीस सेकंद दम धरून बघा आणि मग मला खेळाडूंचं भलं शिकवा.

बोकेभक्त
नाही केली. तुम्ही कधी १/१००० ला फोटो काढलाय का?

लाल माती
माझा फोटो एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर लागला होता. बारा फुटी. पकड माझी, फोटो माझा, आणि कोपऱ्यात माझं नाव होतं तिथे त्यांच्या भाच्याचा वाढदिवसाचा फोटो चिकटवलेला. १/१००० घेऊन काय करू?

दोन किलोचा खांदा
ह्या बाबतीत मात्र काका शंभर टक्के बरोबर. "नाव टाकतो ना" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला माझी दीड किलोची लेन्स फेकून मारायची आहे.

आडवी चौकट
धागा लेन्सचा होता हो. माती, मॅट, फ्लेक्स. माझ्या कानाबद्दल कुणाला काही पडलेली नाही.

खारट वारा
रत्नागिरीहून. कुठलीही घ्या, पण ठेवणार कुठे? मी जुनी १३५ एफ/२ घेतली होती, बायकोला न सांगता, कपाटात साड्यांच्या मागे लपवली. एक पावसाळा. ऑक्टोबरात टॉर्च मारून बघितली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, कडेपासून मधोमधपर्यंत. साड्यांना काही झालं नव्हतं. आता घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. तांदळात ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तांदळाचा कोंडा फोकस रिंगमध्ये जातो. सेकंडहँड घेताना दुकानातच अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तर समजा.

बोकेभक्त
१३५ एफ/२ ला बुरशी? ऐकवत नाही. दोन मिनिटं शांतता.

चौकटवाले, तुमच्या कबड्डीला ५० बरी, ही गोष्ट मी कागदावर मीटर मोजून पाहिली. शेवटच्या रेषेमागून ८५ खरंच अंगावर येते. हे मी एकदाच लिहितोय, स्क्रीनशॉट काढून घ्या. बॅडमिंटनला मात्र ८५ च.

आडवी चौकट
काढला. फ्रेम करून घेतो. आणि बॅडमिंटनला बेसलाइनमागे बसू दिलं तर ८५, हे मीही मानतो. आमच्या हॉलमध्ये तिथे लाइन अंपायरच्या खुर्च्या आणि त्यांच्या मागे लगेच भिंत. बाजूला बसवतात, नेटजवळ. तिथून खेळाडू कधी दोन मीटरवर, कधी आठ.

दोन किलोचा खांदा
दोन ते आठ मीटर. ह्यासाठीच झूमचा शोध लागला असावा. मी काही बोललो नाही.

नवशिक्या १९
नमस्कार, तो प्रश्न माझाच होता. सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं, कबड्डीबद्दल पण. आमच्याकडे बॅडमिंटनच असतं आणि सर बेसलाइनमागे बसू देतात, त्यामुळे काल ८५ एफ/१.८ फायनल केली. ओळखीच्या काकांकडे मिळाली, एकदम स्वस्त, टॉर्च मारून बघितली, बुरशी नाही. लेन्सवर ८५ च्या पुढे १.८ डी असं लिहिलंय. डी म्हणजे डिजिटल ना? माझी बॉडी निकॉन डी५३०० आहे.

फेज न्यूट्रल
अरे देवा.

बोकेभक्त
डी म्हणजे डिस्टन्स. ती लेन्स फोकस करायला बॉडीतली मोटर वापरते. डी५३०० मध्ये ती मोटर नाही. बसेल, उजेड मोजेल, फोटो निघेल, पण फोकस तुला हाताने फिरवावा लागेल. तुला 'जी' अक्षर लिहिलेली हवी होती, तिच्यात स्वतःची मोटर असते.

आडवी चौकट
बॉडी कोणती, हे विचारायला हवं होतं असं पहिल्याच पोस्टमध्ये मी लिहिलं होतं.

दोन किलोचा खांदा
लिहिलं होतंत. विचारलं मात्र तुम्हीही नाहीत.

नवशिक्या १९
बहिणीचे पोर्ट्रेट हाताने फोकस करून निघतील ना? ती हलत नाही. काका परत घेणार नाहीत, त्यांनी त्या पैशातून मिक्सर आणला.